ताईंचा कॉम्प्रेसर

ताई,

तुमच्या फोटोला हार घालून झाला. लोक आले, रडले, चहा पिऊन गेले. शाळेने शोकसभा घेतली. तुमचा जन्म, शिक्षण, शहापूरची नोकरी, मिळालेले मान, सगळं कुणीतरी कागदावरून नीट वाचून दाखवलं. त्यात कॉम्प्रेसरचं नाव नव्हतं. म्हणून मी हे लिहायला बसले. तुमच्याबद्दल बोलायचं आणि कॉम्प्रेसर वगळायचा, म्हणजे लग्नाची पत्रिका छापून त्यात नवरीचंच नाव गाळण्यासारखं झालं.

तुम्ही म्हणाल, मंदा, मला काय सांगतेस, मला सगळं पाठ आहे. असू दे. तुमच्या नेमबाज पोरींच्या स्पर्धा मी वर्षानुवर्षं भाकऱ्या थापता थापता ऐकल्या, कधी हूं की चूं केलं नाही. आता तुमची पाळी.

धसईच्या आपल्या घरामागचा गुरांचा बेडा तुम्ही रिकामा करून घेतलात, तेव्हा मी तुमच्याशी कित्येक दिवस बोलले नव्हते. म्हशी विकल्या होत्या हे खरं, पण मला तिथे पावसाची लाकडं भरायची होती. आणि मोठी नणंद शाळेतून येते, पदर खोचते, गव्हाण उचकटते, भिंतीला चुना मारते आणि म्हणते, "हितं आता पोरी बंदूक मारतील." कुठल्या भावजयीला आवडेल? मी यांना म्हटलं, तुमच्या बहिणीला काहीतरी सांगा. हे म्हणाले, "तिला आजवर कोन काय सांगू शकलाय?" आणि मुकाट्याने गव्हाणीचं दुसरं टोक धरायला गेले.

बंदुका तरी कसल्या, हवेच्या. बार नाही, धूर नाही. दहा मीटरवर कागद टांगायचा आणि त्याच्या काळ्या गोलातला मोहरीहून बारीक ठिपका फोडायचा. पण त्या रायफलीच्या नळीखाली एक छोटी टाकी असते. तिच्यात हवा भरावी लागते, दोनशे बारच्या दाबाने. ट्रकच्या टायरातल्या हवेपेक्षा वीस-पंचवीस पट. तुम्ही हे मला सांगितलंत तेव्हा मी विचारलं होतं, "आणि फुटली तर?" तुम्ही म्हणालात, "म्हणून तर सांगते, नळीच्या समोर उभी राहू नको."

सुरुवातीला हातपंप होता. आठवतंय ना? पोरी आळीपाळीने लटकायच्या त्याला. संध्याकाळी शेतावरून आलेल्या भावालाही तुम्ही सोडलं नाहीत. बनियनवर घाम गाळत पंप मारायचे आणि म्हणायचे, "ताई, यापरीस भात झोडलेला बरा गो." मग तुमचा तो कॉम्प्रेसर आला. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा, उचलून कुठेही न्यावा असा. आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही, म्हणून तो ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवायचा. हातपंप तुम्ही उंबरमाळीच्या शाळेला देऊन टाकलात आणि तिथे तो मोडला तेव्हा इतक्या चिडलात, की जणू दिलेली मुलगी सासरी छळली. कॉम्प्रेसरला मात्र तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. फक्त मला. तेही हात नाही, नाक.

त्या मोठ्या साथीत तुम्हाला ताप आला, उतरला, पण वास गेला तो परत आलाच नाही. करपलेलं पिठलं आणि मोगरा तुम्हाला सारखाच. याचं दुःख तुम्ही एकदाच केलंत, ते कॉम्प्रेसरपाशी. तुमची पद्धत ठरलेली होती. नेम धरताना डोळा पहिला, पण मशीन बिघडली तर डोळा शेवटी. आधी वास, मग आवाज, मग हात. तापलेल्या रबराचा वास आला तर आतली रिंग जातेय, जळका आला तर लगेच बंद. आणि नेमका तो वासच तुम्हाला येईना. मग तुम्ही बेड्याच्या दारातून हाक मारायचात, "मंदा, ये गो, नाक घेऊन ये."

"वास घ्यायला मी काय कुत्रं हाय?" मी म्हणायचे.

"कुत्रं बरं. ते हज्जार प्रश्न नाय विचारीत."

मी पिठाच्या हाताने यायचे, खाली बसायचे. तुम्ही दाबलेल्या हवेतून आत साचलेलं पाणी सोडायचा स्क्रू हलकेच सैल करायचात आणि फस्सकन बाहेर येणाऱ्या हवेचा मी वास घ्यायचे. "रबर," म्हणायचे. किंवा, "काय नाय, नुसती गरम हाय." माझ्या शब्दावर तुम्ही मशीन बंद करायचात किंवा चालू ठेवायचात. दुसऱ्यांदा विचारायचा नाहीत. ताई, माझ्या सासरी माझ्या शब्दावर असा पटकन विश्वास ठेवणाऱ्या तुम्ही एकट्याच. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, "शब्दावर नाय, नाकावर."

आपलं एक भांडण मात्र तसंच राहिलं. दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं, खाटेवर पडल्या पडल्या तुम्ही हुकूम सोडलात, "मी गेले की दुसऱ्या दिवशी बेडा उघड. पोरींची प्रॅक्टिस बुडवू नको. कविताची जिल्ह्याची निवड तोंडावर आलीय."

मी म्हटलं, "असं अभद्र बोलू नका. आणि सुतकात बंदूक वाजवलेली मी ऐकली नाय कधी."

"कसलं सुतक? पोरगी का बाटणार हाय?"

"तुमी बंदुकीचं बगा ताई, घरचं मी बगीन."

तुम्ही तोंड फिरवलंत. मीही फिरवलं. दोन दिवसांनी तुम्ही गेलात. त्यामुळे निकाल लागला नाही. आता लावून टाकते. मी सुतक पाळलं. दहा दिवस बेड्याला कुलूप होतं. पुन्हा वेळ आली तरी मी पाळीन. माझ्या नणंदेसाठी घर थांबलं नाही असं कुणी म्हणायला नको. तुमचं असं काय कमी मोल होतं, की आम्ही दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागावं?

कविता मात्र रोज यायची. तुम्हाला ठाऊक आहे ती, बोलणार नाही, रडणार नाही. पडवीत रायफल खांद्याला लावून रिकामाच नेम धरत उभी राहायची. ज्या खिळ्यावर यांचा सदरा असतो, त्या खिळ्यावर. तिचं तोंड बघून मला वाटायचं, तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर. मग पुन्हा वाटायचं, नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी घर धुतलं. धाकटी काकी, म्हणजे यांची चुलती, चार बायका घेऊन आली आणि माळ्यापासून अंगणापर्यंत सगळं धुऊन काढलं, गोमूत्र शिंपडलं. बेडाही धुतला. मी चुलीपाशी होते, दिवसाच्या जेवणाला माणसं होती, मला बघायला सवड नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुलूप काढलं. जमीन लख्ख, भिंती लख्ख. कॉम्प्रेसरही पुसून जागेवर ठेवलेला. मला बरं वाटलं. बॅटरी जोडली, नळीच्या तोंडाला तुमच्या शिस्तीने बूच लावलं, कारण पहिली हवा टाकीत सोडायची नाही हे तुमचं म्हणणं, आणि मशीन चालू केली.

काटा चढला. पन्नास, ऐंशी, शंभर. एकशेवीसला गेला आणि तिथेच बसला. मशीन ओरडतेय, तापतेय, पण काटा हलायला तयार नाही. मी बंद केली, थंड होऊ दिली, पुन्हा लावली. पुन्हा एकशेवीस. एकशेवीसवर रायफल सुटते, पण छर्रा कुठे जाईल ते देवाला ठाऊक. निवड रविवारी.

हे दारात उभे होते. तुम्ही गेल्यापासून बेड्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. उंबऱ्यावरूनच म्हणाले, "बंद कर ते. ऐकवत नाय."

मग संध्याकाळी जेवताना सांगितलं, बदलापूरच्या एका क्लबवाल्याचा फोन आला होता. मशीन घेतो म्हणतोय, रायफलीही घेतो. "ताई गेली. आता कोन बगनार ते सगळं? धूळ खात पडन."

"कविताची निवड?"

"मशीन चालली तर जा घेऊन तिला. नाय चालली तर सोमवारी तो टेम्पो घेऊन येतोय."

मला राग आला. पण बघितलं तर हे ताटातला भात नुसता चिवडत होते. तुमच्या भावाला मशीन नको होती असं नाही. त्या आवाजाबरोबर तुम्ही आठवायचात, ते नको होतं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, पण इतकी वर्षं त्यांच्याबरोबर काढल्यावर तेवढं कळतं.

मुरबाडला पंप दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने उचलून बघितली, दोनशे बार ऐकलं आणि परत माझ्या हातात दिली. "वहिनी, एवढ्या दाबाचं काम आमी करत नाय. कुनाला इजा झाली म्हंजे?" त्याचं बरोबर होतं. परत येताना बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले होते. एका बाईने विचारलं, "इन्व्हर्टर का?" मी म्हटलं, "नणंदेची हाय."

घरी आल्यावर पदर खोचला. आधी बॅटरी. ट्रॅक्टरची बॅटरी जुनी आहे, म्हणून यांना म्हटलं ट्रॅक्टर बेड्याशी आणा आणि इंजिन चालू ठेवा. आणला. चालू इंजिनवरही काटा एकशेवीसच. मग नळी. भांड्याच्या साबणाचा फेस करून सगळ्या जोडांना फासला. कुठून हवा सुटत असेल तर बुडबुडा येतो, हे तुम्ही पोरींना शिकवताना मी दारातून ऐकलं होतं. एकही बुडबुडा नाही. रबराची बारीक रिंग काढून बघितली, चांगली होती, तरी तुमच्या डब्यातली नवी घातली. काही फरक नाही. म्हणजे हवा बाहेर जात नव्हती, आतच कुठेतरी अडत होती. इथपर्यंत आल्यावर मी दमले. आणि मग लक्षात आलं, की मी उलटीकडून सुरुवात केली होती. आधी हात चालवला होता.

तेव्हा मी खाली बसले, पाणी सोडायचा स्क्रू हलकेच सैल केला आणि नाक पुढे केलं.

फस्सकन हवा आली. तिच्याबरोबर पाणी आलं, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. आणि वास आला. ताई, मी गुरांच्या घरात वाढले, गुरांच्या घरात दिली. तो वास मला झोपेतही कळेल. दोनशे बारची तुमची मशीन गोमूत्राचा फवारा मारत होती.

मी हसले. बेड्यात एकटीच बसून इतकी हसले, की हे उंबऱ्यापर्यंत धावत आले, मला काही झालं की काय म्हणून. मग हसता हसता रडायला आलं, कारण ही गोष्ट जिला सांगायची ती तुम्हीच होतात. सुतक मानणार नाही म्हणणाऱ्या बाईच्या मशीनच्या पोटात गोमूत्र! तुम्ही आठवडाभर हसला असतात आणि वर्षभर मला ऐकवलं असतंत.

काकीला विचारलं. ती बिचारी घाबरली. "अगो, मी काय वाईट केलं? ताईच्या जिवाची वस्तू, म्हनून तिच्यावर जास्त शिपडलं. वरचं झाकन काढलं, आत इवलासा फोम होता, कळकट. साबनानं धुतला, गोमूत्रात बुडवला नि परत बशिवला. शुद्ध व्हायला नको?"

हवा आत घेते तिथली ती गाळणी. ओलीगच्च. आणि तिच्यातून ओढलेलं गोमूत्र थेट मशीनच्या छातीत. मी काकीला रागावले नाही. रागावणार कशी? तुमच्यासाठी तिने घरात सगळ्यांत जास्त काय शुद्ध केलं, तर ही मशीन. तुम्ही तिला उभ्या आयुष्यात कधी नमस्कारही केला नसेल, तरी तिला ठाऊक होतं तुमचा जीव कशात होता.

मग मी मशीन खोलली. हो, मी. एकेक स्क्रू काढून ताटात ठेवला, ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने. वरचं डोकं उचललं. आत हवा एकाच दिशेने जाऊ देणारी पातळ पत्र्याची झडप असते, तिच्यावर पांढरा खारवट थर बसला होता. त्याने ती झडप नीट मिटत नव्हती, दाबलेली हवा परत मागे येत होती. एवढंच. मऊ फडक्याने, कोमट पाण्याने पुसली, पुन्हा कोरड्या फडक्याने. उन्हात ठेवली. तेल लावताना माझा हात थांबला. घरात खोबरेल होतं, मशीनचं तेल होतं, दोन्ही हाताशी. पण तुमचं वाक्य कानात होतं, या दाबाखाली साधं तेल पेट घेतं, फक्त सिलिकॉनचं, तेही एक थेंब. तोच लावला. तुमच्या डब्यातली नवी गाळणी बसवली. सगळं बंद केलं, स्क्रू मोकळा ठेवून मशीन नुसतीच चालवली, आतली ओल निघून जाईपर्यंत. वास घेतला. गरम लोखंड, बाकी काही नाही.

मग बूच लावलं. नळीच्या बाजूला उभी राहिले, समोर नाही. एकशेवीस. एकशेचाळीस. मधे थांबवून थंड होऊ दिली, पाणी सोडलं, पुन्हा लावली. एकशेऐंशी. काटा दोनशेला टेकला तेव्हा मी ओरडले. माझ्या लग्नाच्या वरातीतही मी एवढी ओरडले नव्हते. कविता पडवीतून धावत आली, काट्याकडे बघितलं आणि रायफल माझ्या हातात दिली. टाकी भरायला. जशी तुमच्या हातात द्यायची, तशी.

मला फार अभिमान वाटला, ताई. माझाही, पण त्याहून तुमचा. तुम्ही मला कधी समोर बसवून शिकवलं नाहीत. तरी मला सगळं येत होतं. तुम्ही इतक्या मोठ्याने आणि इतक्या वेळा शिकवायचात, की चुलीपाशी बसलेली बाईही शिकून गेली.

रविवारी कविताला घेऊन गेले. मोठा हॉल, एसी, रांगेत उभे असलेले कोच, सगळे ट्रॅकसूटमध्ये. मी एकटी नऊवारीत नाही, पण साध्या साडीत. एकाने विचारलं, मॅडम नाही आल्या? मी सांगितलं. तो म्हणाला, त्यांच्या पोरी आल्या की आमच्या पोरी घाबरायच्या. तुमच्याबद्दल मी ऐकलेलं सगळ्यांत चांगलं वाक्य हे. शोकसभेतलं सगळं एकीकडे आणि हे एकीकडे.

कविताची सुरुवात बिघडली. तिने मागे वळून बघितलं, जिथे तुम्ही उभ्या असायचात तिथे. तिथे मी. नेमबाजीतलं मला काय कळतं? मी आपला खांदे उचलून एक मोठा श्वास घेतला, तिला दिसेल असा, आणि सोडला. तिने तसाच घेतला. पुढे ती वळली नाही. शेवटच्या छर्ऱ्यापर्यंत टाकीतली हवा टिकली आणि कविताही टिकली. तिची राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली. यादीत नाव वाचलं तेव्हा ती रडली, पहिल्यांदा. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "आता रड बाय, आता चालतंय."

तुम्ही असतात तर तिला पहिल्या चुकलेल्या छर्ऱ्यांवरून झापलं असतंत. ते मी केलं नाही. ते माझ्याच्याने होणार नाही, सांगून ठेवते.

सोमवारी टेम्पो आलाच. आम्ही त्या माणसाला कळवायचं विसरलो होतो. खरं तर मी विसरले नव्हते, तुमच्या भावाने कळवावं म्हणून थांबले होते. मी बेड्यात होते, संध्याकाळच्या पोरींच्या टाक्या भरत होते. मशीन चालू होती. बाहेरचं बोलणं अर्धमुर्धं ऐकू येत होतं.

"आपलं ठरलं होतं की," तो माणूस म्हणत होता. "ताई तर गेल्या. आता चालवणार कोण?"

"माझी बायको," हे म्हणाले.

टेम्पो रिकामा गेला. मग हे आत आले. उंबरा ओलांडून, पहिल्यांदा. कॉम्प्रेसरपाशी उकिडवे बसले, त्याच्या झाकणावर हात ठेवला आणि रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. माणसांदेखत रडता आलं नव्हतं त्यांना, ना स्मशानात, ना दिवसाला.

मी मशीन बंद केली नाही, ताई. त्या आवाजात त्यांना पोटभर रडू दिलं.